स्टेशनरी: ‘ए’ची कोणती आणि ‘ई’ची कोणती?

नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर वह्या-पेनांच्या दुकानाची पाटी वाचताना वरच्या मोठ्या मराठी ओळीत काही अडत नाही. ‘स्टेशनरी’ म्हणजे स्टेशनरी. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि लहान-मोठ्या सगळ्याच दुकानांना देवनागरीत पाटी लावणं सक्तीचं झालं. मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहानही चालत नाहीत. घोळ असतो तो खालच्या बारीक इंग्रजी ओळीत. एस-टी-ए-टी-आय-ओ-एन पर्यंत सगळे एकमतानं येतात. पुढे कुणी ए-आर-वाय लावतं, कुणी ई-आर-वाय.

दोन्ही स्पेलिंगं इंग्रजीत आहेत आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर आहेत. ‘ई’ची स्टेशनरी म्हणजे लेखनसामग्री: वह्या, पेनं, कोरे कागद, पाकिटं. ‘ए’ची स्टेशनरी म्हणजे जागची न हलणारी, उभी असलेली. या लेखात पुढे मी त्यांना ‘ई’ची आणि ‘ए’ची असंच म्हणणार आहे. दुसरी कुठली ओळख त्यांना देवनागरीत देताच येत नाही.

गोंदिया, वणी, गडचिरोलीकडून नागपुरात येऊन जे नुकतेच क्लार्क, अकाउंटंट, स्टेनो किंवा डीटीपी ऑपरेटर म्हणून लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही चालेल, पण त्यांच्या गाइडांमध्ये अशा जोड्यांच्या याद्या असतातच. यादी पाठ करून परीक्षेपुरतं भागतं. ऑफिसात दिवसाला दहा कागद हातावरून जायला लागले की यादी आठवत नाही, कारण आठवावा लागतो.

पायरी १: कानाला विचारू नका

‘शब्द नीट उच्चारा, स्पेलिंग आपोआप येतं’ हा सल्ला या जोडीपुरता बाजूला ठेवा. साहेबाच्या इंग्रजीतही या दोन शब्दांचा उच्चार एकच आहे. काही जोड्यांत कान मदत करतो. ‘लूज’ घ्या. सैल या अर्थाचा, दोन ओ असलेला शब्द शेवटी ‘स’वर थांबतो आणि हरवणे या अर्थाचा, एक ओ असलेला ‘झ’वर. आपण नट-बोल्टपासून पोटाच्या तक्रारीपर्यंत सगळ्यालाच ‘लूज’ म्हणतो म्हणून आपली गल्लत होते, पण फरक ऐकू येण्यासारखा आहे. स्टेशनरीत तसं काही नाही. डिक्टेशन घेताना साहेब कितीही सावकाश बोलले तरी ए की ई हे त्यांच्या तोंडून कळणार नाही. ते वाक्याच्या अर्थावरूनच ठरवायचं.

पायरी २: शब्दात दुकानदार दिसतो का ते पाहा

ही पायरी नीट समजली तर बाकीच्या सोप्या आहेत.

बेकरी हा शब्द घ्या. त्यातला शेवटचा वाय काढला की उरतो बेकर, म्हणजे पाव-बिस्किटं भाजणारा माणूस. ग्रोसरीतून वाय काढला की ग्रोसर, किराणावाला. इंग्रजीत असा धंदा करणाऱ्या माणसाच्या नावाला वाय जोडून त्याच्या मालाचं किंवा दुकानाचं नाव तयार होतं. माणसाच्या नावाच्या शेवटी ई-आर असतं, म्हणून मालाच्या नावात ई-आर-वाय येतं. ‘ई’च्या स्टेशनरीतून वाय काढून पाहा. उरतो स्टेशनर. हा खरा इंग्रजी शब्द आहे आणि त्याचा अर्थ कागद-पेनं विकणारा दुकानदार असा आहे. ‘ए’च्या स्टेशनरीतून वाय काढला तर ए-आर वर संपणारं जे काही उरतं, तो शब्दच नाही. बेकरीचं स्पेलिंग कुणी ए-आर-वाय असं लिहीत नाही. मग तिच्या शेजारच्या दुकानाचंही लिहू नका.

हा स्टेशनर आला कुठून? मध्ययुगात युरोपात बराचसा माल फिरते विक्रेते विकत, गावोगाव हिंडून. पुस्तकांचा धंदा मात्र विद्यापीठांच्या आसपास एका जागी ठाण मांडून चाले. अशा एका जागी बसणाऱ्या विक्रेत्याला लॅटिनमध्ये ‘स्टेशनेरियस’ म्हणू लागले. पुढे इंग्रजीत त्याचा स्टेशनर झाला. लंडनमध्ये या मंडळींचा संघ १४०३ साली स्थापन झाला आणि १५५७ साली त्याला राजाज्ञेची सनद मिळाली. सुरुवातीला हे लोक मुख्यतः पुस्तकवाले होते. पुस्तकांचा आणि कागदाचा धंदा वेगळा होत गेला तसा स्टेशनर हा शब्द कागदवाल्याकडे राहिला आणि अठराव्या शतकात त्याच्या मालाला ‘ई’ची स्टेशनरी म्हणणं रुळलं. ब्रिटिश सरकारनं १७८६ साली लंडनला आपल्या कचेऱ्यांना कागद-शाई पुरवण्यासाठी खातं उघडलं, त्याच्या नावातही हाच ‘ई’चा शब्द होता. आपल्याकडे मुद्रण आणि लेखनसामग्रीचं सरकारी खातं एकच आहे. सिव्हिल लाइन्समधल्या शासकीय मुद्रणालयाशी पत्रव्यवहार करायचा झाला तर खात्याच्या इंग्रजी नावात हाच ‘ई’ आठवणीनं घाला.

म्हणजे गंमत अशी की दोन्ही शब्दांचं मूळ एकच निघालं. ते मूळ ‘उभं राहणं’ या अर्थाचं. आपला ‘स्था’ धातू आणि लॅटिनमधला हा धातू हे एकाच घराण्यातले, त्यामुळे स्थिर, स्थावर, स्थान आणि स्टेशन ही सगळी नात्यातलीच मंडळी. बर्डीच्या फुटपाथवर गाडी लावणारा आणि त्याच्या मागे गाळ्यात बसणारा, यांच्यातला फरक त्या शब्दानं दाखवला होता. पाटीवर चुकून ‘ए’ लिहिणारा दुकानदार त्या हिशेबानं ‘न हलणारं दुकान’ असं लिहून बसतो. इतिहासाला धरून आहे, पण आज त्याचा हा अर्थ कुणी घेणार नाही.

पायरी ३: ‘ए’च्या घराण्याची ओळख करून घ्या

प्रायमरी, सेकंडरी, टेंपररी, मिलिटरी, ऑर्डिनरी. हे शब्द आपण शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या ऑर्डरीपर्यंत पाहत आलो आहोत आणि या सगळ्यांच्या शेवटी ए-आर-वाय आहे. हे सगळे कशाचा तरी गुण सांगतात: शाळा कोणती तर प्रायमरी, नोकरी कशी तर टेंपररी. तसंच ट्रक कसा होता तर स्टेशनरी, म्हणजे ‘ए’ची. मराठीतून खूण हवी असेल तर अचल हा शब्द धरा. त्याचं पहिलं अक्षर इंग्रजीत लिहिलं तर ए येतो.

इथं एक सावधगिरी. ‘वस्तूचं नाव असेल तर ई, गुण असेल तर ए’ असा सरसकट नियम काही क्लासेसमध्ये सांगतात. तो या एका जोडीपुरताच ठीक आहे. लायब्ररी, सॅलरी, डिक्शनरी ही नावंच आहेत आणि तिघांच्याही शेवटी ए-आर-वाय येतं. म्हणून मी दुकानदाराची कसोटी आधी सांगितली.

पेन, पेन्सिल, पेपर, एन्व्हलप या सगळ्यांच्या स्पेलिंगमध्ये ई आहे, म्हणून स्टेशनरीतही ई, ही युक्ती तुम्ही ऐकली असेल. पाठांतराला ती वाईट नाही. मला बेकरी जास्त भरवशाची वाटते, कारण तिच्यामागे खरं कारण आहे.

पायरी ४: शब्दाची जागा पाहून फसू नका

‘स्टेशनरी शॉप’ असं लिहिताना शब्द दुकानाच्या आधी येतो. इंग्रजीत नामाच्या आधी विशेषण येतं हे शाळेत शिकवलेलं असतं, म्हणून हुशार मुलं नेमकी इथं चुकतात आणि विशेषण म्हणून ‘ए’ लावतात. पण ‘बुक शॉप’मधलं बुक हे जसं नामच आहे, तसंच इथंही. दुकान कसलं, असा प्रश्न विचारा. उत्तर ‘लेखनसामग्रीचं’ असेल तर ई. वाक्यात ‘उभा’, ‘थांबलेला’ किंवा ‘जागचा न हलणारा’ बसत असेल तर ए. दहातली नऊ वाक्यं या एका प्रश्नात सुटतात.

‘ई’ची स्टेशनरी इंग्रजीत मोजता येत नाही, त्यामुळे तिला अनेकवचनाचा एस लागत नाही. मागणीपत्रात ‘स्टेशनरीज’ लिहू नका. ‘स्टेशनरी आयटेम्स’ लिहा.

पायरी ५: कोणता शब्द कुठे भेटतो ते ठाऊक ठेवा

हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात किंवा मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात स्टेनो म्हणून लागणार असाल तर दोन्ही शब्दांची गाठ एकाच दिवशी पडू शकते. अपघाताच्या निकालपत्रांत ‘उभ्या ट्रकला मागून धडक’ हा प्रकार वारंवार येतो आणि तिथल्या इंग्रजीत उभ्या वाहनाला ‘स्टेशनरी व्हेइकल’ म्हणतात. ‘ए’ची. वाहन उभं होतं की चालतं होतं यावर कुणाचा निष्काळजीपणा किती हे ठरतं, तेव्हा हा शब्द तिथं शोभेचा नसतो. त्याच दुपारी टोनर आणि कागदाच्या रिमांची मागणी टाइप करायला मिळाली तर तिथं ‘ई’ची.

सोनेगावला विमानतळाजवळ प्रादेशिक हवामान केंद्र आहे. हवामान खात्याची इंग्रजी बुलेटिनं वाचलीत तर वादळाबद्दल किंवा कमी दाबाच्या क्षेत्राबद्दल ‘रिमेन्ड प्रॅक्टिकली स्टेशनरी’ हे ठरलेलं वाक्य दिसेल. म्हणजे ते जागचं फारसं हललं नाही. पावसाळ्यात विदर्भात दोन दिवस झड लागली की या वाक्याचा अर्थ छत्री घेऊन समजतो. अर्थातच ‘ए’ची.

बारावीच्या फिजिक्समधल्या स्टेशनरी वेव्ह्ज, जिममधली जागची न हलणारी सायकल, शेतीच्या यंत्रांच्या कोटेशनमध्ये येणारं एका जागी बसवायचं डिझेल इंजिन: सगळीकडे ‘ए’. जिओस्टेशनरी उपग्रहसुद्धा ‘ए’चाच. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर तो पृथ्वीच्या गतीनंच फिरतो, म्हणून आपल्याला आकाशात एका जागी उभा दिसतो. तो फिरतो आहे म्हणून ‘ए’ नको, असा वाद घालू नका.

‘ई’ची यादी छोटी आहे: दुकान, बिल, मागणीपत्र, टेंडर आणि हिशेबाची वही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे इथल्या वह्या-पुस्तकांच्या बाजारात जून महिनाभर बिलांचा पूर येतो आणि पाहावं तिथं हाच शब्द.

पायरी ६: टॅलीतलं लेजर आधी तपासा

अकाउंटंट म्हणून नवीन लागला असाल तर पहिल्या आठवड्यात हे काम करा. जवळजवळ प्रत्येक फर्मच्या टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, खर्चाचं एक लेजर (खातं) असतं, ‘प्रिंटिंग अँड स्टेशनरी’. आधीच्या माणसानं ते ‘ए’नं उघडलेलं असू शकतं. तुम्ही नोंद करताना बरोबर स्पेलिंग टाइप केलं की यादीतून ते नाव गळतं. तुम्हाला वाटतं लेजर नाहीच. मग तिथल्या तिथं आल्ट आणि सी दाबून तुम्ही नवीन लेजर उघडता. आता एका फर्मचा एकच खर्च दोन खात्यांत पडायला लागतो. कागदाचे रिम एकात, टोनर दुसऱ्यात. ३१ मार्चला नफा-तोटा पत्रक काढलं की एकाखाली एक दोन ओळी दिसतात आणि सीए विचारतात, या दोन कसल्या?

दुरुस्ती कठीण नाही, फक्त क्रम पाळा. एकच लेजर असेल आणि ते चुकीचं असेल तर आल्टरमध्ये जाऊन नाव बदला. जुन्या सगळ्या नोंदींत नवीन नाव आपोआप येतं. दोन लेजर झाली असतील तर नाव बदलून काम होणार नाही, कारण एकाच नावाची दोन लेजर टॅली ठेवू देत नाही. आधी चुकीच्या लेजरचं स्टेटमेंट उघडा, त्यातली एकेक नोंद उघडून खातं बदला, आणि ते लेजर पूर्ण रिकामं झाल्यावरच डिलीट करा. नोंदी शिल्लक असतील तर ते डिलीट होतच नाही. मागच्या, बंद झालेल्या वर्षाच्या नोंदींना मात्र सीएंना विचारल्याशिवाय हात लावू नका.

पायरी ७: कॉम्प्युटरकडून किती मदत घ्यायची

लाल नागमोडी रेघ इथं कामाची नाही. दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत, त्यामुळे स्पेलचेकला दोन्ही मान्य. व्याकरण तपासणारी सोय कधी पकडते, कधी सोडते. मोबाइलचा कीबोर्ड जो शब्द आधी सुचवेल तो आपण दाबतो, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली ऑर्डर जशीच्या तशी कॉपी करून बिलात चिकटवू नका.

भरवशाची पद्धत जुनीच आहे. फाइल पूर्ण झाली की कंट्रोल आणि एफ दाबा, ‘एन’ पर्यंतचं स्पेलिंग आणि पुढे एक ‘ए’ एवढंच टाइप करा. जितक्या जागा सापडतील तितक्या एकेक करून वाचा. मग ‘ई’ घालून तसंच करा. ‘रिप्लेस ऑल’चं बटण दाबायचा मोह होईल. दाबू नका. एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ते बटण दाबलं तर जिओस्टेशनरी उपग्रहाचाही कागद-पेनवाला उपग्रह होतो आणि तो कुणाच्या लक्षात न येता बाइंडिंगपर्यंत जाऊ शकतो.

पायरी ८: हात बसवा

खालची वाक्यं वाचून ए की ई ते ठरवा. उत्तरं लगेच खाली आहेत, पण आधी ती झाका.

पहिलं: झिरो माइलजवळ सिग्नलला बस उभी होती. दुसरं: ऑफिससाठी इतवारीतून सामान आणलं, त्यात फाइली आणि स्टेपलर. तिसरं: आमचा स्टेशनरीचा खर्च यंदा वाढला. चौथं: दुकानाची व्हॅन गोदामाच्या बाहेर उभी होती आणि तिच्यात वह्यांचे गठ्ठे होते, हे एका वाक्यात लिहा.

पहिल्यात ए, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात ई. चौथ्यात दोन्ही येतील: व्हॅन ‘ई’ची, कारण ती लेखनसामग्रीची आहे, आणि ती उभी आहे हे सांगणारा शब्द ‘ए’चा. यानंतर सराव हवा असेल तर ‘द हितवाद’ची स्थानिक पानं घ्या. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली नागपुरात सुरू केलेलं हे इंग्रजी वर्तमानपत्र शहरात सहज मिळतं. त्यात अपघाताच्या बातम्या आणि सरकारी टेंडरं दोन्ही येतात, म्हणजे दोन्ही शब्द. पेननं गोल करत जा.

पाटी, शिक्का आणि नाव

डीटीपी आणि फ्लेक्सच्या काउंटरवर बसणाऱ्यांना वेगळीच अडचण येते. मी हेच काम करतो, त्यामुळे हा संवाद पाठ आहे.

“काकाजी, एनच्या पुढं ए टाकू का ई?”

“टाक ना बे कोनतंही. पोट्टे वह्या घ्याले येतेत, स्पेलिंग पाहाले येतेत का?”

यावर वाद घालू नका. गप्प ‘ई’ टाका आणि प्रूफवर काकाजींची सही घ्या. पाटी आधीच चुकीची लागली असेल तर खर्च किती हे पाटीच्या प्रकारावर आहे. अ‍ॅक्रिलिकची सुटी अक्षरं असतील तर एकच अक्षर बदलता येतं. व्हिनाइलवर त्याच रंगाचा तुकडा कापून चिकटवता येतो, जवळून जोड दिसतो पण रस्त्यावरून नाही. फ्लेक्स पुन्हाच छापावा लागतो. रबरी शिक्काही नवीनच करावा लागतो, त्याचं रबर खरडून ‘ए’चा ‘ई’ करायला गेलात तर तिसरंच काहीतरी उमटतं.

मात्र दुरुस्तीला हात घालण्याआधी काकाजींना गुमास्ता, जीएसटीचं सर्टिफिकेट आणि बँकेचं पासबुक काढायला सांगा. फर्मचं नाव तिथं ‘ए’नं नोंदलं गेलं असेल तर बिलावर, लेटरहेडवर आणि शिक्क्यावर नावापुरता ‘ए’च ठेवा. चेकवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही तर बँक चेक परत करू शकते, मग स्पेलिंग बरोबर असल्याचं समाधान कामाला येत नाही. सरकारी टेंडरमध्येही कागदपत्रांवरची नावं एकमेकांशी जुळावी लागतात. त्याच बिलाच्या आत, मालाच्या वर्णनात मात्र ‘ई’ लिहा. एकाच कागदावर वर ‘ए’ आणि खाली ‘ई’ दिसेल, आणि ते दोन्ही बरोबर असतील. नाव कायमचं बदलायचं असेल तर आधी नोंदणीत बदल करून घ्यायचा, मग बँकेत, आणि पाटीवाल्याकडे सगळ्यात शेवटी यायचं.